दारासमोरचा वेग

आमच्या मोहल्ल्यातली घरे रस्त्यापासून लांब नाहीत. दार उघडले की दोन पायऱ्या, आणि पायऱ्या संपल्या की रस्ता. त्यामुळे रस्ता हा आम्ही घराचाच भाग समजत आलो. लग्नाचा मांडव तिथेच पडतो. रमजानमध्ये इफ्तारची झाकलेली ताटे या घरातून त्या घरात तिथूनच जातात. संध्याकाळी दादी-नानी ओट्यावर बसतात त्यांचे पाय रस्त्यालाच टेकलेले असतात. जनाजाही तिथूनच निघतो. आणि मुले खेळतात ती तर तिथेच, कारण दुसरे मैदान कुठे आहे?

ज्या काळी या गल्ल्या वसल्या, त्या काळी रस्त्यावरून जाणारी सर्वांत वेगवान वस्तू म्हणजे सायकल. पुढे एखाद-दुसरी स्कूटर आली, मग रिक्षा आल्या. आज कोकणातल्या आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातही घरटी एक दुचाकी आहे, काही घरी दोन. वाण्याचे सामान घेऊन छोटा हत्ती येतो, पाण्याचा टँकर येतो, पार्सलवाली पोरे दिवसातून चारदा येतात. रस्त्याची रुंदी मात्र आहे तेवढीच आहे. घरे वाढली, ओटे पुढे आले, गाड्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा उलट ती कमीच झाली म्हणायची.

त्यात तीन वर्षांपूर्वी मुख्य रस्त्यावर दुभाजक बसला. बाजारातून एसटी स्टँडकडे वळायची जागा बंद झाली. दुचाकीवाल्यांना आणि रिक्षावाल्यांना लांबचा वळसा पडू लागला, आणि मग कोणाला तरी आमची गल्ली सापडली. मच्छी बाजाराच्या बाजूने आत शिरायचे आणि मशिदीच्या पुढे बाहेर पडायचे, की सरळ स्टँड. ज्यांचे मोहल्ल्यात कोणी नाही, कसलेही काम नाही, अशांच्या गाड्या दारासमोरून धावू लागल्या. ज्याला फक्त पार व्हायचे आहे, त्याला कोणाच्या ओट्यावर कोण बसले आहे याच्याशी काय देणेघेणे?

पण सगळा दोष बाहेरच्यांवर ढकलला तर ते खरे होणार नाही. मागच्या वर्षी असरनंतर मकतब सुटला आणि सात वर्षांचा एक मुलगा कायदा छातीशी धरून पळत बाहेर आला. उभ्या टेम्पोच्या आडून तो रस्त्यावर आला त्याच क्षणी मोटारसायकल आली. मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, सळई घातली, तीन महिने मूल अंथरुणावर होते. मोटारसायकलवरचा पोरगा पलीकडच्या गल्लीतला, अकरावीत शिकणारा. दोन्ही घरांचे एकमेकांकडे जाणेयेणे होते. वडीलधारी मंडळी बसली, दवाखान्याचा खर्च त्यांनी उचलला, गोष्ट आपसात मिटली. अल्लाहचे शुक्र की मूल वाचले, असे सर्वांनी म्हटले, आणि ते खरेच होते.

आम्ही बायका मात्र त्यानंतर जे झाले ते पाहत होतो. महिन्याभरात तो अकरावीतला पोरगा पुन्हा मोटारसायकलवर दिसू लागला. आणि त्याच महिन्याभरात मोहल्ल्यातल्या पाच मुलींच्या सायकली घराच्या मागच्या पडवीत लागल्या. कोणी हुकूम काढला नव्हता. प्रत्येक घरात वेगवेगळे ठरले, "नको बाई, गाड्या किती वाईट येतात!" एकीचा शिवणक्लास सुटला. एकीला शाळेत सोडायला भाऊ मिळेल तेव्हाच शाळा. आठवीतल्या दोघी संध्याकाळी गणिताच्या शिकवणीला जात होत्या, ती शिकवणी बंद झाली. इशाच्या नमाजला मशिदीत जाणारे दोन वृद्ध घरीच नमाज पढू लागले. एका नानींना डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले आहे. त्या आता घरातल्या घरात दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या मारतात.

म्हणजे वेग कोणाचा, आणि घरात कोण बसले? अपघाताची नोंद दवाखान्यात होते, क्वचित पोलिसांत होते. पण ज्या मुलीची सायकल पडवीत गेली तिची नोंद कुठेच होत नाही. रस्ता धोक्याचा झाला की पहिली बंदी येते ती मुलींवर आणि म्हाताऱ्या माणसांवर. गाडी चालवणाऱ्याला कोणी घरात बसवत नाही. हे आमच्या मनाला लागले आणि तिथून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

पहिला उपाय आमच्या आधी तरुण पोरांनीच करून टाकला. एका रात्री कोणाच्या तरी घराचे काम चालू होते तिथले सिमेंट आणि खडी आणून त्यांनी मशिदीच्या अलीकडे रस्त्यावर आडवा बांध घातला. हेतू चांगला होता. पण बांध होता एक वीत रुंद आणि जवळजवळ तेवढाच उंच. वर रंग नाही, आधी पाटी नाही. चौथ्या दिवशी पहाटे फजरला येणारे एक काका स्कूटरवरून आपटले आणि मनगट मोडून घेतले. आठव्या महिन्यातली एक सून रिक्षातून तपासणीला निघाली होती, तिला धक्का बसला तेव्हा सगळ्यांच्या काळजाचे पाणी झाले. आणि ज्यांच्यासाठी तो बांध घातला होता ती पोरे? ती बांधाच्या कडेला गटाराजवळ एक फूट जागा राहिली होती तिथून, ओट्याला घासून, त्याच वेगाने जात होती. आठवड्याने तो बांध फोडावा लागला.

तेव्हा आमच्यातल्या मोठ्या आपा म्हणाल्या, "दुखण्याला औषध द्यायचे तर मात्रा माहीत पाहिजे." त्या मराठी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. त्यांचा भाचा बांधकाम अभियंता आहे. त्याच्याकडून कळले की गतिरोधक कसा असावा याचे माप ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था. लहान रस्त्यांवरच्या गतिरोधकांबद्दल तिची सूचना १९८८ सालापासून आहे आणि २०१८ मध्ये तिने त्यावर सविस्तर मार्गदर्शिकाही काढली. १९८८ च्या सूचनेप्रमाणे गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर, म्हणजे साधारण चार इंच. आणि रुंदी, म्हणजे गाडी ज्या दिशेने जाते त्या दिशेची लांबी, ३.७ मीटर. बारा फूट! वर गोलाई अशी की ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्याला त्रास होऊ नये आणि त्याहून जोरात जाणाऱ्याला व्हावा. काळे-पांढरे पट्टे असावेत आणि ४० मीटर आधी सूचनेची पाटी असावी.

हे माप ऐकून आम्हाला पहिल्यांदा नवल वाटले. आपण रोज पाहतो ते गतिरोधक यातले कितीसे आहेत? वीतभर रुंदीचा कडक उंचवटा हा हळू जाणाऱ्यालाही मारतो. रुग्णवाहिकेतल्या माणसाला मारतो, कंबरदुखीच्या बाईला मारतो. बारा फुटांची सौम्य चढण वेगालाच शिक्षा करते, माणसाला नाही. वेग कमी करण्यासाठी रस्त्यावर उंचवटे करण्याच्या सुरुवातीच्या नावांत ऑर्थर कॉम्प्टन यांचे नाव येते. भौतिकशास्त्राचे १९२७ सालचे नोबेल मिळालेला हा शास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या विद्यापीठाचे ते कुलगुरू होते आणि आवारातून गाड्या फार जोरात जातात म्हणून त्यांनी १९५३ मध्ये असे उंचवटे करवून घेतले. एवढ्या मोठ्या माणसाने ज्या गोष्टीचा हिशेब केला, ती आपण रात्रीत घमेलेभर सिमेंटने उरकू पाहतो.

मग आम्ही हिशेबच शिकायचे ठरवले. किती वेग म्हणजे जास्त? मुलगा म्हणतो, "अम्मी, मी हळूच चालवतो." आई म्हणते, "वाऱ्यासारखा जातोस." दोघांच्या बोलण्याला माप नाही. आम्ही शिवणकामाची टेप घेऊन मशिदीच्या फाटकापासून किराणा दुकानापर्यंत ५० मीटर मोजले आणि दोन्ही टोकांना खडूने रेघ मारली. गाडी पहिल्या रेघेवर आली की मोबाइलचे घड्याळ चालू करायचे, दुसऱ्या रेघेवर बंद करायचे. ५० मीटरला सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर. साडेचार सेकंद लागले तर ४०. साडेतीनच्या थोडे वर, म्हणजे ३.६ सेकंद लागले तर ५०. ओट्यावर बसून कोणालाही करता येईल असे हे काम आहे. आमच्या दहावीतल्या मुलींनी ते तीन दिवस केले, वहीत तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवले.

वहीतून दोन गोष्टी दिसल्या. रिक्षावाल्यांना आपण फार बोलतो, पण त्यांतले बहुतेक सहा सेकंदांच्या वर होते. जोरात होत्या त्या दुचाक्या. आणि त्यांचा जोर दिवसभर सारखा नव्हता. सकाळी शाळेची वेळ आणि संध्याकाळी असर ते मगरिबच्या मधला वेळ, या दोन वेळांना आकडे सर्वांत वाईट. म्हणजे ज्या वेळी मुले रस्त्यावर असतात नेमक्या त्याच वेळी.

ताशी ३० आणि ताशी ५० यांत असा काय मोठा फरक, असे आम्हालाही वाटायचे. आपांनी तो स्वयंपाकघरातल्या भाषेत समजावला. वेग वाढतो त्याच्या वर्गाने धक्का वाढतो. ३० चे ५० झाले तर धक्का पावणेतीन पट होतो. ३० चे ६० झाले तर चौपट. ताशी ३० च्या गाडीचा धक्का म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून, एका मजल्यावरून पडण्यासारखा. ताशी ५० चा म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखा. शिवाय मूल दिसले की ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो. ३० च्या वेगाने त्या एका सेकंदात गाडी आठ मीटर पुढे जाते, ५० च्या वेगाने चौदा मीटर. आमची गल्ली अशी आहे की चौदा मीटरमध्ये तीन घरांची दारे येतात. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तीन दारे मागे पडलेली असतात.

मुलांकडूनच सावध राहण्याची अपेक्षा करून भागत नाही. लहान मुलाला गाडी दिसते, पण ती किती वेगाने येते आहे याचा अंदाज त्याला येत नाही. उभ्या गाडीच्या आडून ते मोठ्यांना दिसत नाही आणि त्याला पलीकडचे दिसत नाही. "बघून जा" हे सांगायलाच हवे. पण गाडी हाकणाऱ्याला समज आली आहे, परवाना मिळाला आहे, ब्रेक त्याच्या हातात आहे. जबाबदारीचा मोठा वाटा त्याचाच.

देशाचे आकडे पाहिले तर मन बसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा आणि दुचाकीवरच्यांचा हिस्सा त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे आमच्या गल्लीत जे दोघे समोरासमोर आले, चालणारे मूल आणि दुचाकीवरचा पोरगा, तेच दोघे देशभर मरत आहेत. दोघेही आपल्याच घरांतले.

या सगळ्या कागदांसह आम्ही मोहल्ल्याच्या जमातीकडे गेलो. जमातीची बैठक पुरुषांची असते. आम्ही अर्ज लिहिला, चाळीस घरांतल्या बायकांच्या सह्या घेतल्या, सोबत वेगाची वही जोडली आणि इमामसाहेबांच्या हाती दिली. बैठकीत तऱ्हेतऱ्हेची मते आली असे कळले. कोणी म्हणाले, गल्लीला फाटक लावून टाका. त्यावर हाजीसाहेबांनी विचारले, "रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले, आगीचा बंब यायचा झाला, तर चावी कोणाकडे शोधणार?" कोणी म्हणाले, कॅमेरा बसवा. कॅमेरा अपघात दाखवील, थांबवणार कसा? कोणी म्हणाले, रस्ता सरकारी आहे, आपण त्यात हात घातला तर उद्या आपल्यावरच येईल. हे शेवटचे बरोबर होते. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय काही बांधता येत नाही आणि तसे बांधून कोणी पडला तर बांधणाऱ्याची जबाबदारी येते. म्हणून जमातीच्या नावाने स्थानिक कार्यालयाकडे रीतसर अर्ज गेला. आमची वही सोबत होतीच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. वाचक भगिनींनो, ही पोच विसरू नका. पुढच्या खेपेला "तुमचा अर्ज दिसत नाही" असे कोणी म्हणाले तर तोच एक कागद कामाला येतो.

गतिरोधक यायला पाच महिने लागले. पण त्या पाच महिन्यांत परवानगीची गरज नसलेली बरीच कामे झाली, आणि खरे सांगायचे तर निम्मा फरक त्यांनीच पडला.

पहिले काम गाड्या उभ्या करण्याचे. पूर्वी सगळ्या गाड्या एकाच बाजूला ओळीने लागत, त्यामुळे दुसरी बाजू सरळ पट्टीसारखी मोकळी राही. सरळ मोकळी वाट दिसली की हात आपोआप पिळतो. आता घरवाल्यांनी आपसात ठरवून गाड्या थोड्या या बाजूला, थोड्या त्या बाजूला लावायला सुरुवात केली. वाट मोकळीच आहे, रुग्णवाहिका जाईल एवढी आहे, पण नागमोडी आहे. मकतबच्या फाटकापुढे दोन्ही बाजूंना काहीही उभे करायचे नाही, म्हणजे मूल आणि गाडी एकमेकांना दिसतील, हेही ठरले.

दुसरे काम मकतबचे. आता मुले एकदम सोडत नाहीत. आधी मशिदीच्या बाजूची, मग बाजाराच्या बाजूची, आणि फाटकाशी दोन मोठी माणसे उभी राहतात. ज्या वृद्धांनी संध्याकाळी बाहेर पडणे सोडले होते त्यांच्यापैकीच एक जण हे काम मोठ्या हौसेने करतात. हातात हिरवे फडके असते. त्यांना विचारल्याशिवाय आता मोहल्ल्यातली मोटारसायकल पुढे जात नाही.

तिसरे काम रिक्षावाल्यांशी आणि दुकानदारांशी बोलण्याचे. रिक्षावाले आपल्याच गावचे. शाळेच्या दोन वेळांना गल्लीतून जायचे नाही हे त्यांनी मान्य केले आणि बहुतेक जण ते पाळतात. किराणा दुकानदाराने सामानाचा टेम्पो दुपारी मागवायला सुरुवात केली.

चौथे काम सर्वांत अवघड होते, कारण ते घराच्या आतले होते. ते म्हणजे चावी.

आपल्याकडे कितीतरी घरांत अब्बा आखातात असतात. पोरगा दहावी झाला की तिथून पैसे येतात आणि दारात गाडी येते. बापाच्या मायेची ती खूण असते, नाही कसे म्हणावे? शिवाय घरात दुसरा पुरुष नाही. गॅसचे सिलिंडर, आजीचे औषध, बहिणीला स्टँडवर सोडणे, सगळे त्या पोरावरच. आईने चावी नाकारली तर पोरगा म्हणतो, "त्याची अम्मी देते, तूच तेवढी देत नाहीस." फोनवर नवरा म्हणतो, "एवढी महागडी गाडी घेतली ती काय झाकून ठेवायला?" एकटी आई किती भांडेल?

म्हणून आम्ही एकटीने भांडायचे नाही असे ठरवले. एका दुपारी आपांच्या अंगणात पंचवीसेक आया जमल्या. कायद्यात काय आहे ते एका वकील भाचीने समजावले. अठरा वर्षांखालच्या मुलाला सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. सोळाव्या वर्षी सवलत आहे ती ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरती, आणि आज दारात उभ्या असतात त्या जवळजवळ सगळ्या गाड्या १०० सीसीच्या वरच्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन १९९-अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही. विमा कंपनीने जखमीला भरपाई दिली तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. गाडी अनेकदा आईच्या नावावर असते. अब्बा परदेशात, कागदावर सही अम्मीची. हे ऐकून अंगण गप्प झाले.

ठराव साधा होता. अठरा पूर्ण आणि परवाना हातात, त्याआधी मोहल्ल्यातल्या एकाही घरातून चावी मिळणार नाही. परवाना असलेल्यालाही हेल्मेटशिवाय मिळणार नाही. सगळ्या घरांत एकाच दिवशी सुरू झाले म्हणून "त्याची अम्मी देते" हे वाक्य संपले. पोरे रुसली, दोन दिवस जेवली नाहीत, एक जण मामूंच्या गावाला जाऊन बसला. आखातातून फोन आले. एका भाभीने नवऱ्याला शांतपणे सांगितले, "तुम्ही घाम गाळून आमच्यासाठी पाठवता. उद्या पोराच्या हातून कोणाचे लेकरू गेले तर तुमचा तो घाम कोर्टात जाईल, आणि ते लेकरू परत येणार नाही." त्या फोननंतर त्या घरात वाद झाला नाही. अजूनही एखादा पोरगा चुलतभावाची गाडी घेऊन फिरतो. सगळे सुधारले असे आम्ही म्हणणार नाही. पण असर ते मगरिबच्या मधला तो आवाज पुष्कळ कमी झाला आहे.

असे काही करणाऱ्या आम्ही जगातल्या पहिल्या बायका नाही. आज नेदरलँड्स हा देश सायकलींसाठी ओळखला जातो. तो नेहमीच तसा नव्हता. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ज्याची लहान मुलगी शाळेत जाताना गाडीखाली गेली होती अशा एका पत्रकाराने त्यावर लिहिले आणि त्यातून आईबापांची एक चळवळ उभी राहिली. 'मुलांची हत्या थांबवा' असेच तिचे नाव होते. त्यात तरुण आया पुढे होत्या. त्याच सुमारास डेल्फ्ट शहरात रहिवाशांच्या गल्ल्यांचा वेगळा नमुना तयार झाला. गल्लीत मुले खेळतील, माणसे चालतील, आणि गाडीने त्यांच्यामधून चालण्याच्या वेगाने जायचे. १९७६ मध्ये तिथे त्याला कायद्याची मान्यता मिळाली. पुढे १९९२ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने मुख्य रस्ते सोडून सगळीकडे ताशी ३० ची मर्यादा लावली. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यातही हाच आकडा आहे. जिथे चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात तिथे वेग ३० च्या वर नको. आपल्या मुंबईतही भायखळ्याला मिर्झा गालिब मार्गावर शाळेपाशी रस्त्यावर रंगाचे पट्टे मारून मुलांसाठी सुरक्षित जागा राखण्याचा प्रयोग झाला आहे. दाट वस्तीत, आपल्याच लोकांमध्ये हे होऊ शकते.

आपल्याला तर यासाठी दूर जायचीही गरज नाही. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग आहे, हे आपली मुले मकतबमध्ये पहिल्या वर्षी शिकतात. त्या काळी ती वस्तू काटा होती, दगड होता, झाडाची फांदी होती. आज तो त्रास ताशी साठच्या वेगाने येतो. फांदी उचलणे सवाबचे काम असेल तर हात आवरून गाडी हळू करणे का नसावे? इमामसाहेबांनी एका जुम्म्याला यावरच बयान केले. मशिदीला उशीर झाला म्हणून लोकांच्या दारांसमोरून गाडी पळवत येणाऱ्याने आधी त्या दारांचा हक्क आठवावा, असे ते म्हणाले. नमाजनंतर त्या दिवशी गाड्या फार हळू गेल्या. दुसऱ्या जुम्म्याला तेवढ्या हळू नव्हत्या. म्हणून बयानही हवे आणि गतिरोधकही हवा.

एक गोष्ट आणखी सांगायला हवी. एवढे करूनही कधी अपघात झाला तर पहिल्या तासात मदत मिळणे सर्वांत महत्त्वाचे. १०८ किंवा ११२ ला फोन करा. पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही की अडवून ठेवता येत नाही. २०२५ पासून केंद्राची योजना आहे, तिच्यात अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. आपसात मिटवायचे की नाही हा विचार नंतर करता येतो. आधी माणूस.

गतिरोधक पावसाळ्याच्या आधी झाला. बारा फुटांचा, चार इंचांचा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. कोकणचा पाऊस, तेव्हा पहिल्याच आषाढात अर्धा रंग धुऊन गेला. पुन्हा रंग मारण्याचा अर्ज गेला आहे, पोच आपांकडे आहे. बाजाराच्या टोकाला दुसरा गतिरोधक मागितला आहे, त्याचे उत्तर यायचे आहे. ज्या मुलाचा पाय मोडला होता तो चालतो, थोडा लंगडतो, डॉक्टर म्हणतात हळूहळू जाईल, इन्शाअल्लाह. पडवीतल्या पाच सायकलींपैकी तीन बाहेर निघाल्या आहेत. उरलेल्या दोघींच्या घरी आम्ही येत्या रविवारी जाणार आहोत, वेगाची नवी वही घेऊन.